पाण्याखाली उगवणारे धान आणि आपली दुबार पेरणी



कापूस-ज्वारीवाल्यांच्या पत्रकात धानाचे काय काम, असे कोणी विचारेल. विचारावेच. आपल्या बैठकीला येणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या वावरात धानाची एक लोंबीसुद्धा नसते. तरीही आम्ही या अंकात धानावर लिहीत आहोत. धानाच्या बाबतीत शास्त्रज्ञांनी एक प्रश्न विचारला आणि तो तडीस नेण्याचा प्रयत्न केला. पेरल्यावर शेतात पाणी साचले तर बी का मरते, आणि न मरणारे बी कुठे सापडेल, हा तो प्रश्न. आपल्या पिकांबाबत हाच प्रश्न आपण विचारला की आपल्याला उत्तर मिळते ते वेगळेच : "तुम्ही पेरणीची घाई केली."

हा प्रसंग आपल्यापैकी कोणाला नवा नाही. मृगाचा पाऊस होतो, वाफसा येतो, तिफण चालते, सरकी टोबून होते. तिसऱ्या रात्री आभाळ फाटते. काळ्या रानात दोन-दोन, तीन-तीन दिवस पाणी हटत नाही. पाणी ओसरल्यावर माणूस वावरात जातो आणि बोटाने माती उकरून बघतो. सरकी फुगलेली, बुळबुळीत, आंबूस वासाची. ज्वारीचा दाणा दाबला तर पांढरे पाणी बाहेर येते. घरी येऊन तो कोणाशी बोलत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा कृषी केंद्राची पायरी चढतो. २०२५ च्या हंगामात बीजी-२ कपाशीच्या ४७५ ग्रॅमच्या पिशवीची सरकारने ठरवलेली कमाल किंमत ९०१ रुपये होती. पाच एकरांना एकरी दोन पिशव्या धरल्या तर एका रात्रीच्या पावसाने नऊ हजारांचे बियाणे मातीत गेले. टोबणीची मजुरी वेगळी, हंगामाचे गेलेले पंधरा दिवस वेगळे, आणि दुकानदाराच्या वहीतली उधारी वेगळीच.

साहेब म्हणतात, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका असे आम्ही सांगितले होते. पाऊस दडी मारतो तेव्हा हा सल्ला खरा आहे, आम्हीही तो देतो. पण इथे बी तहानेने मेलेले नाही, बुडून मेले आहे. बुडालेल्या माणसाच्या घरी जाऊन पाणी जपून वापरण्याचा उपदेश करावा, तसा हा प्रकार झाला.

बी बुडून मरते म्हणजे काय होते?

बी हा जिवंत जीव आहे. त्याला श्वास लागतो. पेरल्यावर ओल लागली की दाण्यातला साठा विरघळतो, त्याची साखर होते, आणि त्या साखरेवर कोंब आणि मूळ वाढते. या सगळ्या कामाला प्राणवायू लागतो. पाण्यातून प्राणवायू हवेपेक्षा सुमारे दहा हजार पटींनी हळू सरकतो. त्यातून आपली काळी माती ओली झाली की फुगते आणि तिची छिद्रे मिटतात. आत जो काही प्राणवायू उरलेला असतो, तो मातीतले जिवाणू एक-दोन दिवसांत खाऊन टाकतात. मग बियाला विनाहवेचे जगावे लागते. विनाहवेत एका मापाच्या साखरेपासून जी शक्ती मिळते, ती हवेत मिळणाऱ्या शक्तीच्या जेमतेम पंधरावा हिस्सा. वर त्याची दारू होते ती निराळी. पाण्यात कुजणाऱ्या बियाला आंबूस वास येतो तो उगाच नाही.

गहू आणि जव यांच्या दाण्याला विनाहवेत पिठूळ साठा फोडणारा पाचकरसच तयार करता येत नाही. कोठार भरलेले, पण किल्ली हरवलेली, अशी त्यांची गत होते. धान मात्र या जमातीत वेगळे निघाले. त्याला विनाहवेतही हे कुलूप उघडता येते. धानाचा दाणा पाण्याखाली आधी मूळ टाकत नाही, पान काढत नाही. तो फक्त कोंबावरचे पोकळ आवरण नळीसारखे वर वर ताणत नेतो. नळीचे टोक पाण्याबाहेर आले की तिच्यातून हवा खाली उतरते आणि मग मूळ सुटते. तळ्यात बुडी मारणाऱ्या पोराने वेताची पोकळ नळी तोंडात धरून श्वास घ्यावा, तशी ही निसर्गाची युक्ती आहे.

मग धानवाल्याला अडचण कसली? अडचण अशी की ही युक्ती सगळ्या धानांत असली तरी पुरेशा जोराची फार थोड्यांत आहे. बहुतेक वाणांची नळी पाण्याच्या वर येण्याआधीच दाण्यातली शिदोरी संपते. पिढ्यानपिढ्या यावाचून कोणाचे अडले नाही. आपल्या झाडीपट्टीत, भंडारा-गोंदियात पऱ्हे टाकतात आणि मग रोवणी करतात. पऱ्ह्यांतले बी नजरेखाली असते. आता मजूर मिळत नाहीत, रोवणी महाग झाली, म्हणून देशोदेशी धान थेट शेतात पेरू लागले. थेट पेरले की बी उघड्यावर आले. पूर्व भारतात, बांगलादेशात, ब्रह्मदेशात सखल जमिनीवर पेरणीनंतर पाऊस कोसळला की सगळे बी गेले. म्हणजे त्यांच्यावर नेमकी आपलीच पाळी आली. दुबार पेरणी ही आता फक्त कोरडवाहूवाल्याची मिरासदारी राहिलेली नाही.

गावरान बियाण्याच्या पोत्यात सापडलेली किल्ली

फिलिपाईन्समधील लॉस बान्योस येथे १९६० साली स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था आहे. जगभरच्या शेतकऱ्यांकडून जमवलेली धानाची सव्वा लाखाहून अधिक वाणे तिच्या बीजकोठारात आहेत. अब्देलबागी इस्माईल, एन्डांग सेप्टिनिंगसिह, डेव्हिड मॅकिल अशा शास्त्रज्ञांनी तिथे एक खटाटोप केला. आठ हजारांहून अधिक वाणे मातीत पेरली आणि त्यांच्यावर आठ-दहा सेंटीमीटर पाणी उभे करून ठेवले. तीन आठवड्यांनी कोण जिवंत आहे ते मोजले. हातावर मोजावीत इतकीच थोडी वाणे चांगली निघाली. त्यांत ब्रह्मदेशातले खाओ ह्लान ऑन होते, चीनमधले मा-झान रेड होते, बांगलादेशातले खैयान होते. यांतले एकही कोणा कंपनीचे नव्हते. कोणा अनाम शेतकऱ्याने आणि त्याच्या बायकोने सखल रानात तगलेल्या लोंब्या वेगळ्या काढून, मडक्यात घालून, पुढच्या सालासाठी राखलेले हे बियाणे.

खाओ ह्लान ऑनमध्ये ही ताकद कुठून येते याचा माग काढत शास्त्रज्ञ नवव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकापर्यंत पोहोचले. २०१५ साली ते प्रसिद्ध झाले. या जनुकाचे काम गमतीचे आहे. दाण्यात साखर भरपूर आहे असा इशारा देणारा एक पदार्थ असतो, तो हे जनुक कमी करते. त्यामुळे दाण्याला वाटते की घरात साखर नाही, आणि तो कोठार उघडून साठा कोंबाकडे पाठवत राहतो. कोंबाची नळी लवकर आणि लांब वाढते.

आता पुढची गोष्ट नीट ऐका. आयआर ६४ हे १९८५ साली आलेले धान त्याच संस्थेचे. एके काळी ते एक कोटी हेक्टरांहून अधिक क्षेत्रावर पसरले होते. त्यात हे जनुक बघायला गेले तर गुणसूत्राचा तेवढा तुकडाच गायब. आयआर ६४ वाईट वाण होते असे आम्ही म्हणत नाही. कोट्यवधी लोकांचे पोट त्याने भरले. पण ते रोवणीच्या शेतासाठी निवडलेले होते. पाण्याखाली उगवतोस का, असे त्याला पैदासकाराने कधी विचारले नाही, म्हणून ही उणीव कोणाच्या डोळ्यांवर आली नाही. बियाणे विचारलेल्या प्रश्नांचीच उत्तरे देते. न विचारलेल्या प्रश्नाचा दंड शेतकरी भरतो.

एका जनुकाने काम फत्ते झाले असेही नाही. ते आता आयआर ६४ मध्ये आणि इंडोनेशियाच्या चिहेरांग या वाणात संकर करून उतरवले आहे. पण सगळ्या वाणांत, सगळ्या पाण्यात त्याचा गुण सारखा येत नाही, म्हणून आणखी जनुकांचा शोध चालू आहे. निदान शोध चालू आहे!

ओडिशातल्या शेतकऱ्याने काय सिद्ध केले

याच वाटेवरचे आधीचे पाऊल आपल्या देशातले आहे. ओडिशातील धालपुटिया या गावरान धानातून निवडलेले एफआर १३ ए हे वाण उभ्या पिकावर पूर आला तरी दोन आठवडे तग धरते. उत्पादनात आणि दाण्याच्या प्रतीत मात्र ते मार खायचे. त्याचा पूर सोसण्याचा गुण ज्या जनुकात आहे ते २००६ साली जगापुढे आले. ते आंध्रातील मारुतेरूच्या स्वर्णा या लोकप्रिय वाणात उतरवले आणि २००९ साली स्वर्णा-सब १ भारतात प्रसारित झाले. बाकी सगळी स्वर्णाच, फक्त बुडाली तरी न मरणारी. हा गुण रोप उभे राहिल्यानंतरचा आहे, बी उगवतानाचा नव्हे. बियाच्या गुणावर अजून काम चालू आहे ते यासाठीच.

हे बियाणे ओडिशातील १२८ गावांत देऊन त्याची पाहणी झाली आणि ती २०१३ साली प्रसिद्ध झाली. शेत दहा दिवस बुडाले तर साध्या स्वर्णापेक्षा सुमारे ४५ टक्के अधिक उत्पादन मिळाले. पूर आलाच नाही तर तोटा काही नाही. सर्वांत जास्त फायदा अनुसूचित जातींच्या शेतकऱ्यांना झाला, कारण गावातली सखल, बुडीत जमीन पूर्वापार त्यांच्याच वाट्याला आलेली.

त्याच मालिकेतला २०१६ चा अभ्यास तर प्रत्येक कृषी अधिकाऱ्याच्या टेबलावर चिकटवून ठेवावा असा आहे. बुडण्याची धास्ती कमी झाल्याबरोबर त्याच शेतकऱ्यांनी पेरा वाढवला, खत जास्त घातले, कर्ज काढून शेतीत घातले, फेकून पेरण्याऐवजी मेहनतीची रोवणी पत्करली. त्यांना कोणी प्रशिक्षण दिले नव्हते, मेळावा घेतला नव्हता, फ्लेक्स लावला नव्हता. कोरडवाहू शेतकरी मागासलेला आहे, खर्च करायला कचरतो, हे आपण आयुष्यभर ऐकत आलो. तो कचरतो कारण त्याला हिशेब कळतो. ज्या रानात पहिल्या आठ दिवसांतच सगळे बुडू शकते, तिथे शहाणा माणूस जपूनच हात घालणार. धोका कमी करा, तो काय करतो ते ओडिशात दिसले आहे.

आमच्याच हातची नांगी

आता आमच्या घरातले सांगतो. आम्ही शेतकीची पदवी घेतली आणि काही वर्षे प्रक्षेत्रावर वाणांच्या चाचण्या पेरल्या. चाचणीच्या वाफ्यात पावसाने बी दडपले, उगवण विरळ झाली, तर आम्ही काय करत होतो? नांग्या भरत होतो. राखून ठेवलेले बी पुन्हा टोबायचे, रोपांची संख्या पूर्ण करायची आणि मग हंगामाच्या शेवटी हेक्टरी उत्पादन काढायचे. एखादा वाफा अगदीच गेला तर त्यावर काट मारायची. शास्त्राच्या दृष्टीने यात लबाडी नव्हती. उत्पादनाची तुलना करायची तर रोपे सारखी हवीत. पण काट मारलेल्या वाफ्यात कोणते वाण किती तगले, हे आम्ही कधी लिहून ठेवले नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने जी सर्वांत मोलाची माहिती होती, ती आम्ही आमच्या हाताने नांगीत पुरली. वर्षे गेली, आणि एका वावरात दुबार पेरणी करणाऱ्या म्हाताऱ्या बाईने आम्हाला विचारले, "साहेब, पहिल्या पावसात टिकणारी सरकी कोणती?" आमच्याकडे उत्पादनाचे सगळे आकडे होते. तिच्या प्रश्नाचे उत्तर नव्हते. आम्ही चळवळीत आलो त्याच्या कारणांपैकी हे एक.

पिशवीवर उगवणशक्ती छापलेली असते, असे कोणी म्हणेल. असते. ज्वारीला किमान ७५ टक्के, धानाला ८० टक्के असे प्रमाणही ठरलेले आहे. पण ती चाचणी प्रयोगशाळेत, ओल्या कागदावर किंवा वाळूत, हवे तेवढे तापमान आणि हवा तेवढा वारा देऊन होते. आपले वावर म्हणजे ओला कागद नव्हे. अमेरिकेत कपाशी पेरताना जमीन थंड असते, बी गारठून मरते. म्हणून तिथे सरकीची नेहमीच्या चाचणीबरोबर १८ अंश सेल्सिअसला थंड चाचणीही करतात. त्यांच्या रानात जे संकट येते त्याची त्यांनी चाचणी बसवली. आमच्या रानात बी चिबडून मरते. मग आमच्या पिशवीवर चिबड चाचणीचा आकडा का नको?

दोन आक्षेप आणि त्यांची उत्तरे

पहिला आक्षेप शास्त्राच्या नावाने येईल : धानाचे जनुक कपाशीला चालणार नाही. बरोबर आहे. धानाच्या दाण्यात पिठूळ साठा असतो, सरकीत तेल आणि प्रथिने. पिठापासून विनाहवेत थोडी तरी शक्ती निघते. तेल मात्र प्राणवायूशिवाय जळत नाही. म्हणून पाण्याखालून उगवून येणारी कपाशी मिळेल असे स्वप्न आम्ही कोणाला दाखवणार नाही. पण आम्ही तीन आठवडे मागत नाही. दोन-तीन दिवस चिबडीत तगणारे बी हवे आणि वरची पापडी फोडून बाहेर येणारा कोंब हवा. धानाचे उत्तर आपल्याला उचलता येणार नाही. धानाला विचारलेला प्रश्न उचलता येतो. हजारो वाणे पेरा, पाणी भरा, मोजा. ज्वारीचीही गावरान वाणे बीजकोठारांत पडलेली आहेत. मालदांडी ३५-१ सुद्धा मोहोळला गावरान मालदांडीतूनच निवडलेली आहे, आणि रब्बीत अजून तीच उभी असते.

दुसरा आक्षेप आपल्याच काही मित्रांचा : मग गावरानच पेरा, शास्त्र कशाला? एफआर १३ ए च्या पुढे काय झाले ते विसरू नका. ते पुरात टिकत होते, तरी शेतकऱ्यांनी भरघोस पिकणाऱ्या स्वर्णाचाच पेरा केला, कारण न बुडणाऱ्या वर्षीही घर चालवावे लागते. गावरान बियाण्यातला गुण आणि आजचे उत्पादन यांची गाठ घालायला शास्त्रच लागते. निचऱ्याचेही तेच. रुंद वरंबा-सरीवर पेरा, चर काढा, हे आम्ही प्रत्येक बैठकीत सांगतो. पण निचऱ्याकडे बोट दाखवून बियाण्याचा प्रश्न टाळू नये.

आणखी एक गोष्ट मनात ठेवा. स्वर्णा-सब १ हे सरळ वाण आहे. शेतकरी घरचे बी राखू शकतो, शेजाऱ्याला देऊ शकतो. २००१ च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने हा हक्क आपल्यालाही दिला आहे. पण संकरित कपाशीचे बी दुसऱ्या वर्षी फुटून निघते, तिथे हा हक्क कागदावरच राहतो. म्हणजे बी बुडाले तर धानवाला कणगीकडे जातो, आपण दुकानाकडे. ज्या व्यवहारात एका बाजूचे बी बुडाले की दुसऱ्या बाजूची पिशवी विकली जाते, तिथे न बुडणारे बी शोधण्याची घाई कोणाला असणार? यासाठीच हे काम सरकारी पैशाने चालणाऱ्या विद्यापीठांनी केले पाहिजे. त्यांची तिजोरी दुबार पेरणीने भरत नाही.

जिल्हा बैठकीपुढे ठराव

येत्या बैठकीत आम्ही तीन मागण्या मांडणार आहोत.

१. कपाशी, ज्वारी आणि सोयाबीनचे कोणतेही वाण प्रसारित करण्याआधी त्याची काळ्या मातीत, ४८ तास पाणी उभे ठेवून, उगवणीची चाचणी व्हावी आणि आकडा जाहीर व्हावा.

२. चाचणी वाफ्यांतील उगवणीची नोंद नांग्या भरण्याआधी घ्यावी आणि ती शेतकऱ्यांना बघायला मिळावी. गेलेल्या वाफ्यावर काट मारू नये.

३. ज्वारीची आणि देशी कपाशीची कोठारात जपलेली वाणे या एका गुणासाठी पेरून तपासावीत, आणि जे तगेल त्याचे सरळ वाण शेतकऱ्याला मिळावे.

सरकार करील तेव्हा करील. तोवर आपण बसून राहायचे नाही. प्रत्येक गावातून निदान पाच जणांनी पुढचे काम करावे. एक जुने घमेले घ्या, तळाला भोक पाडून ते चिंधीने बंद करा. वावरातली काळी माती भरा, ओलवा, आणि पेरणीसाठी आणलेल्या बियाण्यातले पन्नास दाणे नेहमीच्या खोलीवर टोबा. दुसऱ्या दिवशी वर दोन बोटे पाणी भरा आणि दोन दिवस तसेच उभे ठेवा. मग चिंधी काढून निचरा होऊ द्या. दहाव्या दिवशी किती कोंब वर आले ते मोजा. शेजारी दुसरे घमेले ठेवा, त्यात तेवढेच दाणे, पण पाणी उभे करू नका. वाणाचे नाव, पिशवीवरचा लॉट नंबर आणि दोन्ही घमेल्यांचे आकडे कागदावर लिहून बैठकीला आणा.

लॉस बान्योसला आठ हजार वाणांबाबत जे केले, त्याचेच हे गावठी रूप आहे. दोनशे गावांचे हजार कागद टेबलावर ठेवले, म्हणजे "तुम्ही पेरणीची घाई केली" असे म्हणणाऱ्या साहेबाला आधी ते वाचावे लागतील. ब्रह्मदेशातल्या त्या अनाम बाईने सखल रानातली तगलेली लोंबी वेगळी काढून ठेवली होती. आपणही तगलेले कोंब मोजून ठेवू.